शेजाऱ्यांची पडीक जमीन खंडाने मागायची आहे; बोलणे कसे सुरू करावे?

नवा नांगर (प्रश्न)

आमच्या शेताला लागूनच शेजाऱ्यांचे साधारण एक हेक्टरचे रान आहे आणि गेली दोन वर्षे ते पडीक आहे. शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे असून मी त्यांना काका म्हणतो. त्यांची मुले नोकरीसाठी बाहेर गेली आहेत आणि शेतीकडे परत येतील अशी चिन्हे दिसत नाहीत. आमचे संबंध चांगले आहेत, म्हणजे बांधावर भेट झाली की पावसापाण्याच्या गोष्टी होतात, एकमेकांची अवजारे आम्ही न विचारता नेतो आणि आठवण करून दिल्यावर परत ठेवतो. पण पैशाचा व्यवहार आमच्यात आजवर कधीही झालेला नाही, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

माझी स्वतःची जमीन याहून कमी आहे. अवजारे आणि मनुष्यबळ दोन्ही थोडे जास्तीचे पडून राहते, त्यामुळे ते रान कसायला मिळाले तर मला हवे आहे. पहिल्या हंगामात एखादे कडधान्य घ्यावे आणि पुढे धान्यपिकाकडे वळावे, असा विचार आहे. त्यांच्या रानातील तणांचे बी दरवर्षी माझ्या शेतात येऊन पडते हेही खरे, परंतु ती तक्रार म्हणून पुढे आणायची माझी इच्छा नाही.

मला तीन गोष्टींची धास्ती वाटते. काकांनी नकार दिला तर रोजच्या बोलण्यात अवघडलेपण येईल. मुले जवळ नाहीत हे पाहून मी जमिनीवर डोळा ठेवला आहे असे त्यांना किंवा त्यांच्या मुलांना वाटेल. आणि खंड किती द्यावा हे मला ठरवता येत नाही, त्यामुळे कमी सांगितले तर अपमान आणि जास्त सांगितले तर माझेच नुकसान. दोघांच्याही ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आधी मध्ये घालावे की स्वतःच जावे? मुलांशी आधी बोलावे का? जाताना काही लिहून न्यावे का? ज्यांनी अशी जमीन मागितली आहे किंवा ज्यांच्याकडे कोणी मागितली आहे, त्यांनी अनुभव सांगितल्यास उपकार होतील.

खंडकरी

मी आतापर्यंत तीन शेजाऱ्यांची जमीन खंडाने केली आहे आणि चौथ्याने मला नकार दिला आहे. त्या नकारापासून जे शिकलो ते आधी सांगतो. त्या गृहस्थांचे रानही असेच पडीक होते आणि मी बोलण्याची सुरुवात तणापासून केली. "तुमच्या रानातले गवत फार वाढले आहे, मला दिलेत तर साफ होईल," असे काहीसे मी म्हणालो. माझ्या दृष्टीने ती मदतीची भाषा होती, त्यांच्या कानाला मात्र ती आळशीपणाचा ठपका वाटली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मजूर लावून सगळे गवत कापून घेतले आणि पुढची दोन वर्षे माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत. तेव्हा तणाचा विषय आपण काढणार नाही असे ठरवले आहे ते अगदी योग्य आहे. तो विषय काकांनी स्वतः काढला तरीही "दोन वर्षे पडून राहिले की कोणाच्याही रानात होते" एवढेच म्हणून पुढे जावे.

मध्यस्थ घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या तोंडून गेलेला निरोप वाटेत बदलतो, आणि काकांना आधी हाच प्रश्न पडेल की रोज बांधावर भेटणारा मुलगा हे स्वतः का बोलला नाही. मुलांशी आधी बोलणे त्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ काकांना विचारण्याची गरज तुम्हाला वाटली नाही असा होतो. मात्र काकांशी बोलताना "आणखी कोणाशी बोलून घ्यावे असे तुम्हाला वाटते का?" हा प्रश्न जरूर विचारा. त्यातून मुलांचा मान राहतो, आणि दुसरे म्हणजे जमीन एकट्याच्या नावावर आहे की भाऊबहिणींच्या सामाईक हिश्श्याची आहे, हे आपण उताऱ्याविषयी चौकशी न करताही कळते. सामाईक जमीन एकाच हिस्सेदाराकडून घेतली आणि पेरणीनंतर दुसरा हिस्सेदार उभा राहिला, तर भांडण त्यांचे असते आणि पीक आपले.

वेळ जपून निवडा. घरात आजारपण असताना, कोणी गेले असताना किंवा काकांच्या उरलेल्या शेतात पीक बुडाले असताना जमीन मागणे म्हणजे अडचणीचा फायदा घेण्यासारखे दिसते. हंगामाच्या दृष्टीने पाहिले तर कापणी उरकल्यावर आणि पुढच्या पेरणीला निदान तीन-चार महिने असताना विचारावे, म्हणजे त्यांना विचार करायला आणि आपल्याला मशागतीला वेळ मिळतो. चार लोकांसमोर मात्र कधीही विचारू नये, कारण चारचौघांत माणसाला नाही म्हणणे जड जाते, आणि अवघडून दिलेला होकार पेरणीच्या तोंडावर फिरतो.

पहिल्या भेटीत मी खंडाचा आकडा सांगत नाही आणि कागदही काढत नाही. "काका, त्या वरच्या रानाचे पुढे काय करायचे तुम्ही ठरवले आहे?" असे विचारावे आणि गप्प बसावे. त्यांचा स्वतःचाच काही बेत असेल तर तो बाहेर येईल आणि आपली मागणी मनातच राहील. नकार द्यायची वेळच त्यांच्यावर येणार नाही. बेत नसेल तर मग सरळ सांगावे की तुमची इच्छा असेल तर ते रान खंडाने करायला मला आवडेल, लगेच उत्तर नको, आणि नाही म्हणालात तरी आपल्यात काही बदलणार नाही. हे शेवटचे वाक्य बोलून घ्यावे लागते. आपल्या मनात ते असते, पण समोरच्याला ते ऐकू आलेले नसते.

बांधापलीकडची

मी दुसऱ्या बाजूची आहे. यजमान गेल्यानंतर मी स्वतः शेती करू शकत नव्हते आणि गेली अनेक वर्षे माझी जमीन खंडाने देते, त्यामुळे दार वाजवून जमीन मागायला आलेली माणसे मी बरीच पाहिली आहेत.

एक जण आला तोच रानात पावले मोजून आला होता. किती क्षेत्र आहे, कोणते पीक निघेल, त्यात माझा किती फायदा आहे, हे सगळे तो मला समजावून सांगू लागला. त्याचा हिशेब चुकीचा नसेलही, पण मला न विचारता तो माझ्या जमिनीत फिरला होता आणि तेवढ्यावरच माझे उत्तर ठरले. ज्याला मी शेवटी जमीन दिली त्याने आल्यावर विचारले की पावसाळ्यात पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते आणि उन्हाळ्यात विहिरीला किती वेळ पाणी पुरते. त्याचा खंड सर्वांत जास्त नव्हता. पण जो माणूस पाणी कुठे साचते हे विचारतो, तो एक हंगाम ओरबाडून जायला आलेला नसतो, असे मला वाटले आणि ते खरे निघाले.

जमीन देणाऱ्याच्या मनात काय असते ते सांगते, कारण ते तोंडाने फार कमी जण बोलतील. पहिली भीती जमीन परत मिळेल की नाही याची. दुसरी, परत मिळाली तरी कोणत्या अवस्थेत मिळेल याची. माझ्याकडच्या एका आधीच्या खंडकऱ्याने ओल असताना जड यंत्रे घालून रान इतके चोपले होते की पुढच्या पावसात पाणी मुरेना, आणि आच्छादनाच्या प्लास्टिकचे तुकडे मी अजूनही वेचते आहे. तिसरी गोष्ट भीतीपेक्षा कंटाळ्याची आहे: ठरलेल्या पैशासाठी आपणच मागे लागायचे आणि आपणच वाईट ठरायचे. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा, की अर्धा खंड पेरणीपूर्वी आणि उरलेला कापणीनंतर ठरलेल्या तारखेच्या आत, तोही न मागता. आणखी एक, जी कोणाला क्षुल्लक वाटेल: जमीन खंडाने दिली म्हणून माझे तिथले जाणे-येणे संपावे असे मला वाटत नव्हते. बांधावरची झाडे यजमानांनी लावलेली आहेत. त्यांची फळे माझी, त्यांच्या फांद्या मला विचारल्याशिवाय तोडायच्या नाहीत आणि मला वाटेल तेव्हा मी रानातून फिरून येणार, हे मी आधी सांगितले आणि त्याने ते मान्य केले.

तुमच्या काकांनाही असे एखादे झाड, एखादी वाट किंवा बसायची जागा असणार. "या रानातली कोणती गोष्ट जशीच्या तशी राहावी असे तुम्हाला वाटते?" एवढे विचारा. डोळा ठेवल्याचा संशय त्यांना येईल ही जी तुमची धास्ती आहे, तिच्यावर मला तरी यापेक्षा चांगला उपाय सुचत नाही, कारण ज्याला जमीन बळकवायची असते तो हे विचारत नाही.

दप्तर

वरच्या उत्तरातील पहिल्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ खंडकरी तिला संशयी स्वभाव समजतात आणि ते बरोबर नाही. या भीतीला इतिहास आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या दिवशी जमीन कसणारी कुळे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, त्या जमिनीची मालक मानली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सरकारने जमीनमालकांकडून मोठ्या प्रमाणावर जमिनी विकत घेऊन त्या कसणाऱ्यांना विकल्या. इंग्लंडमध्ये १९७६ च्या कायद्याने कुळाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांना दोन वेळा वहिवाट पुढे चालवण्याचा हक्क दिला, तेव्हा एकदा दिलेली जमीन तीन पिढ्या परत येणार नाही या धास्तीने पुष्कळ मालकांनी नव्याने जमीन देणेच थांबवले. शेवटी १ सप्टेंबर १९९५ पासूनच्या नव्या करारांसाठी ठरावीक मुदतीची मुभा देणारा वेगळा कायदा तिथे करावा लागला. या कायद्यांनी असंख्य कसणाऱ्यांना न्याय दिला यात वाद नाही. पण "जमिनीला कूळ लागेल" ही भीती ज्या घरांत मुरली, त्या घरांत ती पिढ्यान् पिढ्या राहिली आहे, आणि ती शब्दाने जात नाही.

ती कमी करण्याचा उपाय म्हणजे मुदत लिहिलेला करार, तोही तुम्ही स्वतः मागितलेला. करार ही मालकाची अट म्हणून यायच्या आत आपणच तो पुढे केला, तर तुम्हाला काही लपवायचे नाही हे आपोआप दिसते. त्यात जमिनीची ओळख आणि चतुःसीमा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, खंड आणि तो देण्याचे दिवस हे तर येईलच; पण वाद ज्यावर होतात त्या गोष्टी वेगळ्या असतात. पंपाचे वीजबिल कोण भरणार, जमिनीचा सरकारी सारा कोणाकडे, पिकाच्या नुकसानीची भरपाई किंवा अनुदान आले तर ते कोणाचे, पोटखंडाने दुसऱ्याला देता येईल का, आणि मुदत संपली त्या दिवशी रानात पीक उभे असेल तर काय, हे लिहिले नसेल तर पुढे स्मरणशक्तीवर चालते आणि दोन माणसांची स्मरणशक्ती सारखी नसते. मुदतीची अखेर पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे कापणीनंतरच येईल अशी ठेवावी म्हणजे उभ्या पिकाचा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही. मुदतीआधी करार मोडायचा झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, तेही ठरवा. खंडाच्या कराराची नोंदणी आणि त्याचे परिणाम जागोजागी वेगवेगळे असतात, त्यामुळे सही करण्यापूर्वी तिथल्या जाणत्या वकिलाला कागद एकदा दाखवावा; तो खर्च तुम्ही करावा, काकांवर टाकू नये.

दोनदा नकार

"दप्तर" यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. कागद हवा, पण तो पहिल्याच भेटीत खिशातून निघाला तर शेजारधर्मात तो तुमच्यावर उलटतो. माझे तेच झाले. मी व्यवस्थित टंकलेला मसुदा घेऊन गेलो, त्यांनी तो वाचलाही नाही आणि "इतके सगळे ठरवूनच आलास तर मला काय विचारतोस" असे म्हणाले. तोंडी होकार आणि रानात नांगर घालणे या दोहोंच्या मध्ये कागदाची जागा आहे, त्याच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

शिवाय मूळ प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: मुले बाहेर आहेत आणि काका थकले आहेत, म्हणून रान पडीक आहे. हे काकांनी सांगितले आहे की तुम्ही ठरवले आहे? माणसे जमीन निरनिराळ्या कारणांनी पडीक ठेवतात. कोणाचा वाटणीचा वाद चालू असतो, कोणाची विकण्याची बोलणी चालू असतात, कोणी मुद्दाम जमिनीला विसावा देत असतो. कारण कळण्याआधी बेत आखू नका.

मातीचा माणूस

खंड किती द्यावा या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. उत्तर लांबले तर क्षमस्व.

आसपास काय दर चालतो हे माहीत असावे, पण तो आकडा सुपीक, पाण्याखालच्या आणि चालू रानाचा असतो, दोन वर्षे पडीक राहिलेल्या रानाचा नसतो. मी स्वतः असा हिशेब करतो: त्या रानातून चांगल्या, मध्यम आणि वाईट अशा तीन वर्षांत किती उत्पन्न येईल याचा अंदाज लिहायचा, त्यातून बी, खत, मशागत, पाणी, काढणी आणि स्वतःच्या व घरच्यांच्या मजुरीचा खर्च वजा करायचा. उरते ते दोघांत वाटायचे असते. ठोक खंड ठरवणार असाल तर तो वाईट वर्षीही घरचे न मोडता देता येईल इतकाच कबूल करावा, कारण ठोक खंडात जोखीम पूर्णपणे कसणाऱ्याची असते आणि पाऊस पडला नाही हे सांगून शेजाऱ्याकडे सूट मागणे हेच आपल्या नात्याला सर्वांत जड जाते.

दुसरी पद्धत वाट्याची. तिच्यात पीक बुडाल्यास दोघांचेही बुडते, म्हणून ती कसणाऱ्याला सोपी वाटते. पण तिच्यातही एक खोच आहे, जी आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच दाखवली होती. समजा, दहा मापे धान्याच्या किमतीचे खत टाकल्याने सोळा मापे धान्य जास्त पिकणार आहे. जमीन तुमची असती तर तुम्ही ते खत टाकलेच असते. पण निम्म्या वाट्याने कसताना त्या सोळातील आठच तुमच्या वाट्याला येतात आणि खताची दहा मापे मात्र तुमच्याच खिशातून जातात. म्हणजे दोन मापांचा तोटा. साहजिकच कसणारा हात आखडता घेतो, पीक कमी येते आणि मालकाला वाटते की हा मन लावून करत नाही. यावरचा उपाय सोपा आहे: उत्पन्न ज्या प्रमाणात वाटायचे त्याच प्रमाणात बी-खताचा खर्चही वाटून घ्यायचा. काका तो खर्च करायला तयार नसतील, आणि या वयात ते नसण्याचीच शक्यता जास्त, तर ठोक खंड बरा. वाट्याच्या पद्धतीत मापाच्या वेळी मालकाला हजर राहावे लागते, तेही त्यांना झेपायला हवे.

पडीक रानाच्या पहिल्या वर्षाविषयी आधीच बोलून घ्या. रानात लव्हाळा किंवा हराळी असेल तर नुसत्या नांगरटीने ती जात नाही. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीचे तुकडे नांगरामागे रानभर पसरतात आणि दुप्पट जोमाने उगवतात. ते काढायला पहिला हंगाम आणि बरीच मजुरी जाते. म्हणून पहिल्या वर्षी खंड कमी आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण, असे सुचवणे न्यायाचे आहे. पण ते "तुमचे रान खराब आहे म्हणून" असे न म्हणता "पहिल्या वर्षी साफसफाईचा खर्च माझा, तेवढी सूट द्यावी" अशा शब्दांत यावे.

मुदतीचेही तसेच आहे. एका वर्षाच्या बोलीवर जमीन घेणारा माणूस शेणखत टाकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. शेणखतातील नत्राचा काही भागच पहिल्या वर्षी पिकाला मिळतो, बाकीचा पुढच्या वर्षांत सावकाश मोकळा होतो. आम्ल जमिनीत टाकलेल्या चुन्याचा आणि स्फुरदाचा परिणामही कित्येक वर्षे पुरतो. वर्षभराने जमीन सोडायची असेल तर हा सगळा पैसा दुसऱ्याच्या रानात पुरल्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न इतका वाढला होता की १८७५ मध्ये आणि मग अधिक सक्तीने १८८३ मध्ये, सोडून जाणाऱ्या कसणाऱ्याला त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मिळावी असे कायदे करावे लागले. तेव्हा तीन ते पाच वर्षांची मुदत मागा, पण पहिले वर्ष परीक्षेचे ठेवा. पहिल्या कापणीनंतर काकांना पटले नाही तर त्यांनी थांबवावे, त्यांच्यावर बंधन नाही, असे म्हटले की एवढ्या लांबच्या मुदतीची धास्ती उरत नाही.

आणि मातीची तपासणी करून घ्या. एकाच प्रकारच्या रानात नागमोडी फिरत पंधरा-वीस ठिकाणांहून, पिकाच्या दृष्टीने साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि जिथे उकिरडा होता तिथली घेऊ नये. सगळी एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो माती प्रयोगशाळेत द्यावी. सखल आणि उंच भाग असतील तर दोन वेगळे नमुने. अहवालाची एक प्रत काकांकडे राहू द्या. जमीन परत देताना पुन्हा तपासणी केली की कोणत्या अवस्थेत घेतली आणि कोणत्या अवस्थेत दिली, यावर वाद राहत नाही. चारही कोपऱ्यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवली तर आणखी बरे.

पाण्याचा हिशेबही आधीच करा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर; पन्नास मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर पाच लाख लिटर लागते. तेवढे काकांच्या विहिरीत आहे का, हे धान्यपिकाचा बेत करण्यापूर्वी पाहावे.

नवा नांगर

सर्वांचे मनापासून आभार. मी काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. "खंडकरी" यांनी सांगितल्याप्रमाणे कागद नेला नाही, आकडा सांगितला नाही आणि पहिला प्रश्न विचारून गप्प बसलो. हे गप्प बसणे फार कठीण गेले.

"दोनदा नकार" यांचा अंदाज बरोबर होता आणि माझा चुकला होता. रान पडीक राहण्याचे कारण काकांचे वय नव्हतेच. दोन वर्षांपूर्वी पंप जळला, त्याच सुमारास विहिरीपासूनची नळी जमिनीखाली कुठेतरी फुटली, आणि दुरुस्तीला किती खर्च करायचा यावर काकांचे आणि मुलाचे एकमत झाले नाही. काकांना ते रान करायचे होते. मी ते रान मागणार आहे हे ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की खालचा सखल तुकडा त्यांनी पुतण्याला गुरे चारायला कबूल केलेला आहे, तो मिळणार नाही. वरच्या भागाचे मुलाशी आणि मुलीशी बोलून सांगतील. जशी राहावी अशी कोणती गोष्ट आहे, हेही मी विचारले. त्यांनी विहिरीशेजारचे झाड दाखवले आणि त्याच्या सावलीत काहीही पेरायचे नाही असे सांगितले.

निघताना मी म्हणालो की पंप आणि नळी मी दुरुस्त करून घेईन आणि तो खर्च खंडातून वळता करू. त्यांना ते आवडलेले दिसले, पण असे लिहावे कसे हे मला कळत नाही. दुरुस्तीचा पैसा माझा आणि पंप त्यांचा, मग मध्येच जमीन सोडावी लागली तर?

दप्तर

पंप आणि नळी काकांच्याच मालकीची आहे आणि राहील, हे पहिल्या वाक्यात लिहा. दुरुस्तीपूर्वी कारागिराकडून खर्चाचा अंदाज घेऊन तो काकांना दाखवा आणि त्यांच्या होकारानंतरच काम सुरू करा. झालेल्या खर्चाच्या पावत्यांच्या प्रती करारासोबत जोडा. नंतर तो खर्च मुदतीच्या वर्षांत सारखा विभागून दरवर्षीच्या खंडातून तेवढी रक्कम कमी करायची. मुदत चार वर्षांची असेल आणि काकांनी दोन वर्षांनी जमीन परत मागितली तर उरलेला अर्धा खर्च त्यांनी द्यावा, आणि तुम्ही स्वतःहून सोडलीत तर तो तुम्ही सोडून द्यावा, असे दोन्ही बाजूंनी लिहिले की ते कोणालाही एकतर्फी वाटत नाही. पुढची किरकोळ दुरुस्ती वापरणाऱ्याची आणि पंप पूर्णच निकामी झाला तर तो खर्च पुन्हा दोघांनी बसून ठरवायचा, हेही लिहा. आणि हा कागद मुलाने वाचलेला असू द्या, कारण वाद मुळात त्याच खर्चाचा होता.

बांधापलीकडची

खालचा तुकडा मिळाला नाही याचे वाईट वाटून घेऊ नका आणि तो पुन्हा मागूही नका. पुतण्याला दिलेला शब्द जो माणूस तुमच्यासाठी मोडत नाही, तो उद्या दुसऱ्यासाठी तुम्हाला दिलेला शब्दही मोडणार नाही. मात्र गुरे खालच्या तुकड्यात चरणार असतील तर मधल्या कुंपणाचे काय, हे आताच बोलून घ्या. पिकात गुरे शिरल्यावर तो विषय काढला तर बोलणे पुतण्याशी होणार नाही, काकांशीच होईल.

नवा नांगर

कुंपणाचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. खुंट आणि तार मी आणतो, रोवायला पुतण्याने यावे, असे सुचवून पाहीन.

आज सकाळी काकांचा निरोप आला. मुलीची हरकत नाही. मुलाला पंपाच्या दुरुस्तीचा अंदाज बघायचा आहे आणि मुदत चारऐवजी तीन वर्षे असावी असे त्याचे म्हणणे आहे. मी तीनला तयार आहे. खंडाचा विषय काकांनी अजून काढलेला नाही आणि मीही काढला नाही. कारागिराचा अंदाज आला की दोन्ही आकडे एकत्रच समोर ठेवीन. रविवारी मातीचे नमुने घ्यायचे ठरले आहे. मी एकटाच जाणार होतो, पण काकांनी फावडे स्वतःच काढून ठेवले आहे आणि पाणी कुठे साचते ते रानात येऊन दाखवतो असे ते म्हणाले आहेत. फावडे माझेच आहे हे त्यांना सांगावे की नाही, ते अजून ठरवलेले नाही.